तारा गेला, बोअर राहिला : टेल्को–डाइमलर-बेंझ करार (१९५४–१९६९) आणि भारतीय जड ट्रक

जुन्या टाटा ट्रकच्या इंजिनाला मेकॅनिक '६९७' म्हणतात. हा आकडा इंजिनाचा आराखडाच सांगतो. पहिला अंक सिलिंडरांची संख्या, पुढचे दोन अंक बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर. त्याआधीचे ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी. ४९७ म्हणजे त्याच ९७ मिमी बोअरचे चार सिलिंडर. सुमोतल्या ४८३ ला आणि इंडिकातल्या ४७५ ला हाच नियम लागू पडतो. या आकड्यांचा माग काढत मागे गेले की वाट टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइमलर-बेंझ यांच्यातल्या १९५४ सालच्या एका कराराशी पोहोचते. भारतात जड ट्रक कसा घडला हे समजून घ्यायला त्या कराराइतके चांगले दुसरे प्रकरण नाही.

करारापूर्वीची स्थिती

टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे टेल्को, १९४५ साली जमशेदपूरला उभी राहिली ती रेल्वेसाठी. बॉयलर आणि वाफेची इंजिने हे तिचे मूळ काम. त्या काळी रस्त्यावरचे बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालत. परदेशी कंपन्या सुटे भाग पेट्यांतून आणत आणि इथे जुळणी करत. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून असाच जुळणी कारखाना होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरशी हातमिळवणी करून डॉज आणि फार्गो गाड्या काढल्या. मद्रासकडे अशोक मोटर्सने ऑस्टिनपासून सुरुवात केली, ब्रिटनच्या लेलँडशी संबंध जोडला आणि १९५५ मध्ये ती कंपनी अशोक लेलँड झाली.

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालावर सरकारने भूमिका घेतली : इथे टप्प्याटप्प्याने खरे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसेल, तर नुसती जुळणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड बाहेर पडल्या. बाजारात मोठी पोकळी झाली. टेल्कोकडे धातुकाम होते, फाउंड्री होती, वाफेच्या इंजिनाच्या कामात हात बसलेले कारागीर होते. ट्रकचा आराखडा मात्र नव्हता. युद्धातून सावरणाऱ्या डाइमलर-बेंझकडे आराखडा होता आणि तिला बाजार हवा होता.

करार १९५४ मध्ये पंधरा वर्षांसाठी झाला, आणि सहा महिन्यांच्या आत पहिली गाडी जमशेदपूरहून बाहेर पडली. समोरच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता आणि गाडीचे नाव होते टाटा मर्सिडीज-बेंझ.

नेमके काय विकत घेतले

गाडीच्या पोटात ओएम ३१२ घराण्याचे डिझेल इंजिन होते. डाइमलर-बेंझ ते १९४९ पासून स्वतःच्या ट्रकमध्ये वापरत होती. सहा सिलिंडर एका ओळीत, बोअर ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२० मिमी, एकूण ४,५८० घन सेंटिमीटर, सुरुवातीला ९० अश्वशक्ती आणि पुढे १००. म्हणजे आजच्या मोठ्या पिकअपइतकी ताकद. तरीही पेट्रोल ट्रकच्या मालकाला हे इंजिन आकर्षक वाटले ते इंधनामुळे. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण सात-आठपटीच्या पलीकडे दाबले की ते अवेळी पेटे. डिझेलमध्ये नुसती हवा दाबायची असल्याने ती वीसपटीपर्यंत दाबता येते. दाब जितका जास्त, तितके उष्णतेतून काम जास्त निघते. त्यात भर म्हणजे अर्ध्या भारावर चालतानाही डिझेलला थ्रॉटलने हवा अडवावी लागत नाही. रिकामी गाडी परत आणताना हा फरक खिशाला जाणवतो.

या इंजिनात ज्वलन सरळ सिलिंडरमध्ये होत नसे. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, छोटी पूर्वज्वलन कोठी होती. डिझेल आधी तिथे फवारले जाई, तिथे पेट घेई आणि अरुंद भोकांतून जळता झोत सिलिंडरमध्ये येई. या रचनेचे गुण भारतात उपयोगी पडले. ज्वलन मऊ होते, बेअरिंगवर धक्का कमी बसतो. नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, पिंटल जातीची, एकाच भोकाची असते. भोकातून पिन वर-खाली होत असल्याने कार्बन आपोआप खरवडला जातो. नोझल उघडायला ११५ ते १२५ बारचा दाब पुरतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). डबक्यातून, पिपातून, फडक्याने गाळून भरलेल्या डिझेलवरही असे नोझल तग धरते. ग्रामीण रस्त्यावर, शंभर-दीडशे किलोमीटरवर इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणारा एखादाच असताना, हा गुण किती मोठा हे वेगळे सांगायला नको.

दोषही तितकेच स्पष्ट. कोठीच्या भिंती उष्णता खातात. अरुंद भोकातून झोत ढकलण्यात काम वाया जाते. थंडीत चालू करायला ग्लो प्लग, म्हणजे कोठीतली विजेची तापणारी कांडी, तापवावा लागतो. एक प्लग जळाला आणि सगळे एका सर्किटमध्ये ओळीने जोडलेले असले, तर सहाही थंड राहतात. मग पहाटे धक्का मारणे आले.

कराराबरोबर टेल्कोला रेखाचित्रे, धातूंचे तपशील, मोजमापांच्या मर्यादा, जर्मनीतले प्रशिक्षण आणि सुट्या भागांचा पुरवठा मिळाला. जे करारात मिळत नसते ते म्हणजे डाय (साचे), जिग आणि फिक्स्चर (काम चालू असताना भाग अचूक धरणाऱ्या पकडी) आणि विशेष यंत्रे स्वतः बनवण्याची कुवत. या प्रकरणाचा कणा आमच्या मते तोच आहे. रेखाचित्र असले की भाग बनतो. पण तो रोज शेकड्याने, एकाच मापात बनवायचा तर त्यामागे ही अवजारे बनवणारी टूलरूम लागते. ती नसेल तर गाडीत छोटासा बदल करायलाही पुन्हा परदेशाकडे पाहावे लागते.

पिंपरी-चिंचवडचा उलटा क्रम

टेल्कोचे सूत्रधार सुमंत मूळगावकर. जन्माने मुंबईचे. त्यांच्या नावातली 'सु' आणि 'मो' ही अक्षरे पुढे सुमो गाडीला मिळाली. १९६६ मध्ये पुण्याजवळ दुसरे केंद्र उभे राहू लागले तेव्हा क्रम नेहमीपेक्षा उलटा होता. आधी मशीन टूल विभाग, प्रशिक्षण विभाग आणि इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर. पुण्यात बनलेली पहिली व्यावसायिक गाडी बाहेर आली ती १९७७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. हिशेब पाहणाऱ्याला ही उधळपट्टीच वाटावी. अकरा वर्षे जमीन, यंत्रे आणि माणसे, पण विकायला गाडी नाही.

त्यामागचे कारण त्याच वर्षीच्या एका आकड्यात दिसते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. आयात यंत्र एका रात्रीत रुपयांत दीडपटीहून महाग झाले. त्यात परकीय चलनाचे परवाने. ट्रकच्या केबिनच्या एका पत्र्याला तीन-चार डाय लागतात : एक आकार खेचायला, एक कड छाटायला, एक भोके पाडायला, एक कड दुमडायला. इंजिन ब्लॉक बनवण्याच्या ओळीवर प्रत्येक टप्प्याला वेगळे फिक्स्चर. हे सगळे दरवेळी आयात करत बसले, तर करार संपल्यावर कंपनीच्या हाती जुन्या मॉडेलच्या प्रती काढण्याखेरीज काही उरत नाही. पुण्यात तयार झालेल्या डाय आणि यंत्रांनी तो धोका टाळला.

आजूबाजूला त्याच काळात बाकीची साखळी आकार घेत होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, भारत फोर्ज १९६१ ची, कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची आणि ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ ची. क्रँकशाफ्ट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा बीम हे जड ट्रकचे दोन भाग ओतून चालत नाहीत, तापवून ठोकून घडवावेच लागतात. ओतीव पोलादात कण दिशाहीन असतात. घडवलेल्या बीममध्ये ते आकाराच्या दिशेने वाहतात, म्हणून खड्ड्यात आपटला तरी बीम वाकतो, पण तुटत नाही. मोठ्या हॅमरवर हे काम करणारा भारत फोर्जसारखा कारखाना शेजारी असणे हे ट्रक बनवणाऱ्याचे भाग्यच.

तारा उतरला

१९६९ मध्ये करार संपला. जाळीवरून तारा गेला आणि वर्तुळातले 'टी' आले. गाडी तीच होती. ग्राहकाला 'बेंझ' म्हणायची इतकी सवय झाली होती की कित्येक गावांत पुढची अनेक वर्षे टाटाच्या ट्रकला बेंझच म्हणत. खरी परीक्षा इंजिनाची होती, कारण नवे काही द्यायचे तर ते आता स्वतःच द्यायचे होते.

आकडे पाहा. ६९२ मध्ये स्ट्रोक १२० मिमीचाच राहिला आणि बोअर ९० वरून ९२ झाला. एवढ्या दोन मिलिमीटरांनी घनफळ ४,५८० वरून सुमारे ४,७८५ घन सेंमीवर जाते, म्हणजे साडेचार टक्के वाढ. ६९७ ची मापे आहेत ९७ × १२८, घनफळ ५,६७५ घन सेंमी. डाइमलर-बेंझच्या १९६४ च्या ओएम ३५२ इंजिनाची मापे नेमकी हीच. त्याच ९७ × १२८ चे चार सिलिंडर घेतले की ३,७८३ घन सेंमीचे ४९७ होते. हलक्या ट्रकांना आणि लहान बसगाड्यांना ते पुरले. एका बोअरवर दोन इंजिने म्हणजे पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह आणि नोझल यांची यंत्रे आणि गोदामेही सामाईक. सुट्या भागांच्या दुकानात टाटाचा माल नेहमी मिळे, त्यात या काटकसरीचाही वाटा होता.

१९७१ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन इंजिने आली. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक टप्पा हा. पूर्वज्वलन कोठी गेली आणि डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत फवारले जाऊ लागले. उष्णता खाणारा पृष्ठभाग घटला. अशा बदलाने इंधनात दहा ते पंधरा टक्के बचत होते. लिटरला ४ किलोमीटर देणारी गाडी दिवसाला ३०० किलोमीटर धावली तर ७५ लिटर पिते. बारा टक्के वाचले तर रोजचे ९ लिटर. ट्रकमालकाला हप्ता फेडायला याहून मोठी मदत कोणती?

पण हे नुसते हेड बदलण्याचे काम नव्हते. पिस्टन बदलतो, कारण ज्वलनाची जागा त्याच्या माथ्यावर येते. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, वीसच्या आसपासून सतराकडे उतरतो. नोझल अनेक भोकांचे होते, प्रत्येक भोक ०.३ मिमीच्या आसपास, आणि ते उघडायला १७५ ते २०० बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची जोडी), डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि टायमिंग त्याला जुळवून घ्यावे लागते. सिलिंडरमधला कमाल दाब झपकन चढतो, म्हणून हेड गॅस्केट आणि मेन बेअरिंगवरचा ताण वाढतो. इंजिनाचा आवाजही कडक होतो.

सवयी बदलल्या नाहीत, तिथे बिघाड ठरलेला. पिंटल नोझलच्या सवयीने १२० बारवर बसवलेले भोकाचे नोझल नीट फवारत नाही, गळते. थेंब पिस्टनच्या माथ्यावर पडतात, काळा धूर येतो, पुढे माथा वितळून भोक पडते. डिझेल फिल्टर एकाऐवजी दोन टप्प्यांचा लागतो. पहिला बदलला आणि दुसरा तसाच ठेवला तर चढावर गाडी ओढत नाही. रॉकेलची भेसळ तर पंपाचा काळच. डिझेलच प्लंजरला वंगण पुरवते. रॉकेलने वंगण कमी पडले की प्लंजर आणि बॅरलमधली फट वाढते. अशी गाडी सकाळी थंड असताना चालू होते, पण ढाब्यावर जेवून निघताना गरम इंजिन काही केल्या पेट घेत नाही. तापलेले डिझेल पातळ होऊन फटीतून मागे सरकते आणि सेल्फच्या कमी वेगात दाब तयारच होत नाही. पंपाच्या अंगावर थंड पाण्याचे फडके टाकल्यावर गाडी चालू झाली, तर एलिमेंट झिजले असे समजावे.

पाटीवरचे चार आकडे

बॉनेटवरचे आकडे ही जर्मन पद्धतीची आठवण. १२१० म्हणजे ढोबळमानाने १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. १६१३ म्हणजे १६ टन, १३०. २५१५ म्हणजे २५ टन, १५०. ३११८ म्हणजे ३१ टन, १८०. अशोक लेलँडनेही पुढे असेच आकडे वापरले. हे आकडे ओळीने वाचले की भारतातल्या वाहतुकीचा एक दुखरा भाग उघडा पडतो. गाडीचे वजन अश्वशक्तीपेक्षा फार वेगाने वाढत गेले.

टनामागे अश्वशक्ती काढून पाहू. १२१० ला ८.३, १६१३ ला ८, २५१५ ला ६, ४९२३ ला ४.७. सहा टक्के चढाचा घाट धरा, चाकांचा रोलिंग रेझिस्टन्स (सपाट रस्त्यावरही टायर फिरताना होणारा विरोध) वजनाच्या ०.८ टक्का धरा आणि इंजिनाची ८५ टक्के ताकद चाकापर्यंत पोहोचते असे माना. पासिंगइतके, म्हणजे नियमाने मान्य तेवढेच, वजन भरलेली १६१३ ताशी २७ किलोमीटरने चढेल. २५१५ ताशी २० ने. ४९ टनी ट्रेलर ताशी १६ ने. त्याच १६१३ वर दीडपट, म्हणजे २४ टन एकूण वजन टाकले की ती ताशी साडेअठरावर येते. म्हणजे घाटातली वीस मिनिटांची चढण अर्ध्या तासाची होते, आणि तो अर्धा तास इंजिन पूर्ण भारावर, पंख्याला समोरून वारा कमी, कूलंट उकळीच्या काठावर.

जादा मालाची किंमत इंजिनापेक्षा खालचे भाग आधी चुकवतात. कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) मुख्य पाटा मध्यभागी, सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो, कारण तिथेच छेद सर्वांत कमी असतो आणि कमान आसाला आवळून धरणारा यू-बोल्ट सैल झाला की सगळे वाकणे तिथेच येते. त्यावर इलाज म्हणून दोन पाटे वाढवले की कमान ताठ होते आणि धक्का चेसिसच्या साइड मेंबरकडे (लांब कडेच्या पट्टीकडे) जातो. मग कमान टांगणाऱ्या हँगर ब्रॅकेटजवळ तडा. त्यावर वेल्डिंग केले की उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि पुढच्या हंगामात वेल्डच्या कडेला नवा तडा येतो. यू-बोल्ट नवा बसवल्यावर पहिल्या हजार किलोमीटरच्या आत भरलेल्या गाडीवर पुन्हा आवळला, तर या साखळीचे बरेच पाश तुटतात. हे काम दहा मिनिटांचे आहे.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सल लोड वाढवला : चार टायरांच्या मागच्या अ‍ॅक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि पुढच्याला ६ ऐवजी ७. दोन अ‍ॅक्सलचा ट्रक त्यामुळे १६.२ वरून १८.५ टनांवर गेला आणि ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ वर. पाट्याही बदलल्या. २५ च्या जागी २८ आले, ३१ च्या जागी ३५, ४९ च्या जागी ५५. नवी ५५३० टनामागे साडेपाच अश्वशक्ती देते. त्याच घाटात ताशी साडेअठरा. म्हणजे पासिंगच्या हिशेबाने चालणारा आजचा ट्रेलर तेव्हाच्या दीडपट लादलेल्या १६१३ इतकाच सावकाश चढतो.

कुठे कमी पडले

मूळ आराखडा मजबूत निघाल्याचा एक तोटाही झाला. तो फार काळ चालला. गाडी परवान्याच्या काळात रांग लावून विकली जात होती, तेव्हा बदलायची घाई कोणाला? सर्वांत वाईट परिणाम केबिनवर झाला. ट्रक बहुतांशी चेसिस आणि काउल (केबिनचा नुसता पुढचा भाग) एवढाच विकला जाई. केबिन बॉडी बिल्डर लाकूड-पत्र्यात बांधे. पायांशी इंजिनाची धग, सरळ पाठीची फळीची सीट, पॉवर स्टिअरिंग नाही. चौदा तास चालवणाऱ्या माणसाची सोय हा मुद्दा कुणाच्या रेखाचित्रात नव्हता, आणि ही या प्रकरणातली खरी चूक आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. टाटा मर्सिडीजच्या पहिल्या गाडीपासून मोजले तर एकाहत्तर वर्षांनी.

इंजिनाची मर्यादा धुराच्या नियमांनी दाखवली. ६९७ ला टर्बो, म्हणजे हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारा पंखा, लावून १३० अश्वशक्तीपर्यंत नेता आले. (टर्बोची गाडी थांबवल्यावर दोन-तीन मिनिटे तशीच चालू ठेवावी. लगेच बंद केली की तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगवर ते जळून कोळसा होते.) पण जुन्या ब्लॉकमध्ये सिलिंडरचा दाब आणखी वाढवणे आणि धूर कमी करणे एकाच वेळी जमेना. १९९३ मध्ये टेल्कोने कमिन्सशी भागीदारी केली आणि बी मालिकेचे इंजिन घेतले : १०२ × १२० मिमी, ५,८८३ घन सेंमी. घनफळ ६९७ पेक्षा जेमतेम २०० घन सेंमीने जास्त. पण बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड असल्याने व्हॉल्व्हला जागा मिळते आणि पिस्टनचा वेग कमी राहतो. दुसऱ्यांदा परदेशी आराखडा आला, पण आता घेणारी कंपनी १९५४ ची नव्हती. २००४ मध्ये तिने कोरियातल्या गुन्सानची देवूची ट्रक कंपनी विकत घेतली आणि त्या अनुभवातून २००९ मध्ये प्रायमा ही जड ट्रकांची मालिका आली.

डाइमलरने टाटा मोटर्समधले (टेल्कोचे हे नंतरचे नाव) आपले शेवटचे शेअर मार्च २०१० मध्ये विकले. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, ती भारतबेंझ नावाने चेन्नईजवळच्या ओरगडमहून ट्रकच्या बाजारात परतली. या वेळी जाळीवर तारा नव्हता, पण दारावर आकडे होते २५२३ आणि ३१२३. इथल्या ड्रायव्हरला ते वाचायला कुणी शिकवावे लागले नाही.